आमच्या घराला दलाल कशाला?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्या बापड्यावर तयार घर विकत घेण्याचा प्रसंग आला नसावा. आला असता तर त्याने म्हणीला तिसरा चरण जोडला असता : ‘आणि दलाल पाहावा लावून!’ लग्नातही मध्यस्थ असतोच. पण त्याला आपण देतो काय? मांडवात मान, खांद्यावर उपरणे, हातात श्रीफळ. आणि पुढे संसार बिनसला तर दोन्हीकडच्या शिव्या. नवऱ्या मुलाच्या पगारावर शेकडा दोन मागणारा मध्यस्थ कोणी पाहिला आहे काय? पाहिला असता तर त्याला आपण पायरी चढू दिली नसती. घराच्या बाबतीत मात्र तेच शेकडा दोन आपण मुकाट्याने मोजतो, एकदा विकताना आणि पुन्हा घेताना. आणि वर ‘त्याने बरे जमवून दिले हो’ म्हणून त्याला फराळाला बोलावतो.

मला या रीतीशी भांडावयाचे आहे. सणासुदीला भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, दसरा-दिवाळी हाच घरखरेदीचा हंगाम. वर्तमानपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरतात ती याच दिवसांत, आणि इसाराची रक्कम ठरते तीही पाडव्याचा मुहूर्त साधून. तेव्हा बोलावयाचे तर आताच बोलले पाहिजे.

प्रथमच सांगून टाकते, माझे भांडण दलाल नावाच्या माणसाशी नाही. तोही पोटासाठी उन्हातान्हात जिने चढतो, किल्ल्यांचा जुडगा सांभाळतो, दहा गिऱ्हाइकांना घर दाखवून अकराव्याची वाट पाहतो. त्याच्या श्रमाला मोल आहे आणि ते त्याला मिळाले पाहिजे. माझे भांडण आहे ते दोघांशी : त्याच्या टक्केवारीशी, आणि त्याला मध्ये उभा करून त्याच्या आड लपणाऱ्या तुमच्या-आमच्याशी. त्यातही दुसरे भांडण मोठे.

आधी टक्केवारीचे पाहू. ४० लाखांचे घर आणि १ कोटी ६० लाखांचे घर यांत दलालाच्या कामाचा फरक काय? तेच जिने, तीच किल्ली, तोच फोन. पण पहिल्यावर २ टक्क्यांनी ८०,००० रुपये आणि दुसऱ्यावर ३,२०,००० रुपये. श्रम तेवढेच, मोल चौपट! बरे, हे एका बाजूचे झाले. दुसऱ्या बाजूकडूनही तेवढेच घेण्याची चाल आहेच. एकाच मांडवात वरपक्षाचा आणि वधूपक्षाचा असा दोघांचाही मुखत्यार होऊन हिंडणारा हा गृहस्थ शेवटी कोणाच्या बाजूचा, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही.

आता याच्याशी सरकारी हिशेब ताडून पाहा. महाराष्ट्रात घराचा दस्त नोंदविण्याची फी किमतीच्या १ टक्का आहे. पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे ३० लाखांच्या पुढे घर कितीही महाग असो, दस्त नोंदवून घेणारे, अंगठे घेणारे, तो कागद पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणारे सरकार ३०,००० वर थांबते. गृहनिर्माण सोसायटीचे पाहा. घर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सोसायट्या मनाला येईल तेवढी रक्कम उकळू लागल्या, तेव्हा सरकारने २००१ मध्ये हस्तांतरण अधिमूल्यावर मर्यादा घातली. महानगरपालिकेच्या हद्दीत कमाल २५,००० रुपये. ‘देणगी’ म्हणून अधिक मागण्याचीही सोय ठेवली नाही. सरकारला वेसण, सोसायटीला वेसण. मोकळा राहिला तो दलाल! २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याला नोंदणी करायला लावली, २०२३ मध्ये महारेराने त्याच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली. पण ही सारी व्यवस्था नोंदणीकृत नव्या प्रकल्पांपुरती. तुमच्या-माझ्या जुन्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे घर तिच्या बाहेरच राहते. आणि दलाली किती घ्यावी, हे त्या कायद्यानेही ठरविलेले नाही.

‘पण तो आपल्याला चांगला भाव मिळवून देतो ना!’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, एकदा ते पाटीवर मांडूनच पाहावे. समजा, तुमच्या घराला आणखी महिनाभर थांबले तर २ लाख रुपये अधिक मिळतील. तुमचा फायदा २ लाखांचा. दलालाचा किती? अवघे ४,०००. त्या ४,००० साठी तो महिनाभर थांबेल, की ‘काकू, बाजार पडतोय, आलेले गिऱ्हाईक सोडू नका’ म्हणून आजच सही करायला लावील? हा त्याच्या नीतीचा प्रश्न नव्हे. तुमच्या जागी नसून त्याच्या जागी असणाऱ्या कोणालाही हेच सुचेल. अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १ लाख घरविक्रींची आकडेवारी तपासून २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, दलाल जेव्हा स्वतःच्या मालकीचे घर विकतात, तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत पदरात पाडून घेतात. स्वतःच्या घराला धीर, आणि आपल्या घराला घाई! त्याच देशात २०२३ च्या ऑक्टोबरात मिझुरी राज्यातील ज्यूरीने दलालांच्या राष्ट्रीय संघटनेवर आणि बड्या पेढ्यांवर दलाली चढी ठेवण्यासाठी संगनमत केल्याचा ठपका ठेवला. पुढच्या वर्षी संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नियम बदलले. आता तिथे घर दाखविण्याआधी दलालाला आपला मोबदला खरेदीदाराशी लेखी ठरवावा लागतो. आपल्याकडे तो ठरतो कसा? जिना उतरता उतरता, ‘आपले नेहमीचेच’ या दोन शब्दांत!

आता कोणी विचारील की, दलाल इतका निरुपयोगी होता तर तो आपल्याकडे रुजला कसा? याचे उत्तर मुंबईच्या चाळींत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जागेची टंचाई झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि खोली देताना पागडी घेणे हा गुन्हा ठरविला. पागडी थांबली का? मुळीच नाही; ती फक्त कुजबुजीत गेली. जो व्यवहार उघड बोलता येत नाही त्याला कानाशी लागणारा माणूस लागतोच. ‘अमक्या चाळीत खोली रिकामी होते आहे, एवढे वर द्यावे लागतील’ हे सांगणारा आणि रुमालात बांधलेली रक्कम इकडून तिकडे पोचविणारा तो दलाल. दलाल हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी वाट दाखविणे हा अर्थ आहे. त्या अंधारात त्याने वाट दाखविली हे मी नाकारीत नाही. पण पुढे १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा झाला, २००० पासून तो लागू झाला आणि पागडीही कायद्याच्या चौकटीत आली. आणि मालकीच्या घरांची तर गोष्टच वेगळी. अंधार सरला, वाटाड्या मात्र हातात विझलेला कंदील घेऊन अजून आपल्यापुढे चालतोच आहे.

आज अंधार कशाचा आहे? शेजारचे घर किती रुपयांना विकले गेले, हे जाणून घ्यावयाचे आहे? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘इंडेक्स टू’ पाहा. कोणी, कोणाला, केव्हा, किती क्षेत्रफळाचे घर किती मोबदल्याला दिले, हे सारे त्यात लिहिलेले असते. सरकारच्या लेखी आपल्या विभागाचा दर काय, हे वार्षिक मूल्य दर तक्त्यांत, म्हणजे ज्याला सारे जग रेडी रेकनर म्हणते त्यात, घरबसल्या दिसते. जमिनीचा सातबारा आणि मिळकत पत्रिका तलाठ्याच्या वा नगर भूमापन कार्यालयाच्या दारात न ताटकळता मिळते. नवा प्रकल्प असेल तर मंजुरी, मुदत, चालू असलेले खटले महारेराच्या पानावर वाचता येतात. ज्या ज्ञानावर दलालाची गादी उभी होती ते ज्ञान आज मोबाइलवर आहे. ज्या मोबाइलवर आपण तासन्‌तास दुसऱ्यांच्या सहलींची छायाचित्रे पाहतो, त्याच मोबाइलवर!

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२२ मध्ये मी डोंबिवलीचे आमचे घर विकले आणि पुण्यात दोन खोल्या घेतल्या. दोन्ही व्यवहार दलालावाचून केले. ‘हे’ जाऊन दोन वर्षे झाली होती, मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. घर विकणे आहे ही बातमी इमारतीत फुटली मात्र, फोनांवर फोन सुरू झाले. बहुतेक दलालांचे, आणि त्यातल्या एकाचाही पहिला प्रश्न घराविषयी नव्हता. प्रश्न असा : ‘घरात पुरुष माणूस कोण आहे?’ पस्तीस वर्षे मी सरकारी कचेरीत लेखापरीक्षणाचे काम केले. लोकांच्या हिशेबांतल्या चुका काढून पोट भरले. पण घर माझ्या नावावर असून बोलणे मात्र मुलाशी! त्यातला एक तर मला समजावून सांगू लागला की, पुण्याच्या घरावर मुलाचे नाव पहिले घाला, पुढे सोपे जाते. त्या गृहस्थाने एक गोष्ट सांगितली नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावाने राहते घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे, आणि पुरुषाचे नाव सोबत आले की ती जाते. ६० लाखांच्या घरावर हे झाले ६०,००० रुपये. दोन टक्के घेऊन जो सल्ला मिळणार होता, तो मला आणखी एका टक्क्याला पडला असता.

मग मी काय केले? काही विशेष केले नाही. मुलांकडून रीतसर हक्कसोडपत्र नोंदवून घेतले. आमच्याच इमारतीतल्या तीन जुन्या विक्रींचे इंडेक्स टू काढले आणि भाव ठरविला. इमारतीच्या फलकावर, वाण्याच्या दुकानात, ग्रंथालयाच्या दाराशी एकेक चिठ्ठी लावली. सोसायटीच्या आणि जुन्या कचेरीच्या व्हॉट्सअॅप गटांवर चार ओळी टाकल्या. चिठ्ठीच्या शेवटी लिहिले, ‘दलालांनी कृपया तसदी घेऊ नये.’ एका महिन्याने दुसऱ्या गल्लीतले एक तरुण जोडपे आले. मुलगी म्हणाली, ‘काकू, आमचे कर्ज मंजूर व्हायला पाच आठवडे लागतील, थांबाल का?’ मी म्हटले, ‘थांबते, पण इसाराची पावती लेखी करू.’ ५२ लाखांना घर दिले. पुण्याचे ६० लाखांना घेतले. दोन्हींकडे मिळून २ टक्क्यांनी माझी दलाली झाली असती २,२४,००० रुपये. कागद तपासणाऱ्या, सर्च रिपोर्ट देणाऱ्या आणि मसुदा लिहिणाऱ्या वकीलबाईंना दोन्ही व्यवहारांचे मिळून मी दिले ते याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. आणि ध्यानात घ्या, त्या वकीलबाईंनी आपल्या अहवालाखाली सही केली. दलालाची सही कुठे असते? ज्या कागदावर आपले घर उभे राहते त्या कागदावर तो फार तर साक्षीदार असतो. मालकीत पुढे खोट निघाली तर भोगावयाचे तुम्ही; त्याची टक्केवारी केव्हाच खर्च होऊन गेलेली असते.

पण पैशाची गोष्ट मी येथेच सोडते, कारण माझा खरा मुद्दा पैशाचा नाही. पुण्याचे घर ज्यांच्याकडून घेतले त्या मावशी ऐंशीच्या घरातल्या. घर पाहून झाले, चहा झाला. मी विचारले, ‘मावशी, या घरात मला काय त्रास होईल ते सांगा.’ त्या क्षणभर थांबल्या आणि मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. कपाट बाजूला सरकवायला लावले. म्हणाल्या, ‘श्रावणापर्यंत ही भिंत ओल धरते बघ. वरच्यांच्या न्हाणीघराची मोरी आहे. त्यांच्याशी गोडीने बोल, तोडून बोललीस तर ऐकत नाहीत.’ मी त्या भिंतीपायी किंमत थोडी उतरवून मागितली, त्यांनी उतरविली. आता मला सांगा, मध्ये दलाल असता तर ते कपाट हलले असते काय?

आणि गंमत अशी की, मावशींनी जे मनाच्या चांगुलपणाने केले तेच आपल्या कायद्यातही लिहिले आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढून त्याचे ५५ वे कलम वाचा. विकणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेली आणि घेणाऱ्याला सहजी न दिसणारी खोट उघड करून सांगावी. मालकीचे कागद दाखवावेत. घराविषयी आणि मालकीविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. घेणाऱ्यालाही कर्तव्य सांगितले आहे : विकणाऱ्याच्या हक्काविषयी, त्याला ठाऊक नसलेली आणि किंमत वाढविणारी एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर तीही तुम्ही लपवू नये. समोरासमोर बसून एकमेकांना खरे सांगणारी दोन माणसे, असे चित्र त्या कायद्याच्या डोळ्यांपुढे आहे. त्या चित्रात तिसरा माणूस नाही. तो आपण आणून बसविला.

का आणून बसविला? ‘वेळ नाही’ हे उत्तर मी मानीत नाही. जन्माची पुंजी ज्यात घालावयाची आणि ज्याचे हप्ते वीस वर्षे फेडावयाचे, त्या गोष्टीसाठी चार रविवार नाहीत? ‘कागद कळत नाहीत’ हेही मानीत नाही. मूळ करारनामा आणि त्यापुढची साखळी, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा बेबाकीचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, घरावर कर्ज आहे की फिटले, जमीन सोसायटीच्या नावे झाली की अजून बिल्डरच्याच नावे आहे. एवढी यादी दहावीचा मुलगाही करील. ती तपासायला वकील आहे, आणि त्याला कामाचे पैसे द्या, कसर करू नका. ५० लाख वा अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर दर आणि नियम वेगळे असतात, तेव्हा हिशेबनिसाला विचारा. २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम घराच्या व्यवहारात रोख घेण्यास २०१५ पासून मनाई आहे; ‘थोडे वरचे रोख’ असे जो कोणी म्हणेल, त्याला चहा देऊन वाटेला लावा. कुलमुखत्यारपत्रावर घर विकत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावून सांगितले आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावयाचा असतो. यात न कळण्यासारखे काय आहे? ज्या बायकांनी आयुष्यभर रेशनकार्डापासून विम्यापर्यंतचे कागद एका पिशवीत सांभाळले, त्यांना हे जड जावे?

‘अनोळखी माणसे घरात कशी घ्यायची?’ हा प्रश्न मात्र खरा आहे. पण दलालाने आणलेला माणूस काय त्याच्या ओळखीचा असतो? त्याने तासापूर्वी त्याचा फोन घेतलेला असतो, इतकेच. पाहायला येणाऱ्याचे नाव-पत्ता आधी घ्या, दिवसाउजेडी बोलवा, शेजारच्या वहिनींना सोबत बसवा. झाले.

तेव्हा ही सारी कारणे वरवरची. खरी कारणे दोन, आणि दोन्ही सांगायला आपल्याला लाज वाटते. पहिले असे की, पैशाविषयी तोंडावर बोलणे आपल्या मध्यमवर्गाला असभ्य वाटते. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटे हुज्जत घालणारे आपण, पाच लाखांचा प्रश्न आला की घसा खाकरतो आणि दलालाकडे पाहतो. ज्याला पाच रुपयांनी घर चालवावयाचे आहे त्याच्यापुढे आपली जीभ चालते. बरोबरीच्या माणसापुढे चालत नाही. याला सभ्यता म्हणत नाहीत, भिडस्तपणाही म्हणत नाहीत.

दुसरे कारण याहून काळे आहे. मुलीसाठी नाशिकला भाड्याचे घर पाहताना दलालांचे फोन मीच घेत होते. घर केवढे, भाडे किती, हे पुढे. पहिला प्रश्न, ‘आडनाव काय तुमचे?’ आपल्या मुलखात आडनाव विचारणे म्हणजे काय विचारणे असते, हे वाचकांना सांगावयास नको. मग हळूहळू पुढचे : मांस-मच्छी खाता का, धर्म कोणता, मुलगी एकटीच राहणार का, लग्न का नाही झाले. ‘मालकांची अट आहे हो, आमचे काही नाही,’ असे दलाल म्हणतो. आणि मालकाला विचारावे तर तो म्हणतो, ‘आमचे काही नाही हो, दलालाने परस्परच सांगितले.’ पाहा कशी सोय आहे! नकार कोणाचाच नाही, आणि घर मात्र मिळत नाही. तुझी जात, तुझा धर्म, तुझ्या चुलीवरचे कालवण मला चालत नाही, हे वाक्य समोर उभ्या असलेल्या पोरीच्या डोळ्यांत पाहून उच्चारायला छाती लागते, आणि ती बहुतेकांना नसते. म्हणून तो नकार आपण शेकडा दोन देऊन, भाड्याचे घर असेल तर महिन्याचे भाडे देऊन, दुसऱ्याकडून वदवून घेतो. दलालीच्या पावतीवर हे कलम लिहिलेले नसते. पण पुष्कळांनी मोजलेले पैसे याच कलमाखाली जमा होतात.

म्हणून मी म्हणते, मध्यस्थ काढा आणि समोरासमोर बसा. समोर बसल्यावर सगळी माणसे साधुसंत होतील, असा माझा भाबडा समज नाही. पण ज्याला नकार द्यावयाचा त्याला चहा विचारून, त्याच्या मुलाचे नाव विचारून मग नकार द्यावा लागला, तर पुष्कळांची जीभ अडखळेल आणि काहींचे मनही बदलेल. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, ती या देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. ती आपल्या समाजापुरती होती, हे खरे. पण घर हा परक्या शहरात माणसांनी एकत्र येऊन सोडविण्याचा प्रश्न आहे, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. आज आपल्या प्रत्येक इमारतीत सोसायटी आहे, चिटणीस आहे, फलक आहे. त्या फलकावर पाणी केव्हा येणार हे लिहितात, थकबाकीदारांची नावे लिहितात. तिथेच ‘घर विकणे आहे, घर हवे आहे’ अशी एक वही का लटकू नये? चिटणिसांना फार काम पडणार नाही, आणि आपल्या शेजारी कोण येणार हे ठरविताना आपलाही थोडा हात लागेल.

ज्याला खरोखरच मदतनीस हवा, म्हणजे मुले परदेशात, गुडघे धरलेले, जिना उतरवत नाही, त्याने जरूर नेमावा. पण कामाआधी लेखी ठरवावे. टक्क्यांत नव्हे, रुपयांत. सुताराला आपण लाकडाच्या किमतीवर शेकडा दोन देत नाही. त्याने एकाच बाजूचे पैसे घ्यावेत, आणि कोणाचे घेतले ते दुसऱ्याला सांगावे. आणि सरकारने ज्या हाताने स्वतःची फी ३०,००० वर आणि सोसायटीची मागणी २५,००० वर रोखली, त्याच हाताने जुन्या घरांच्या दलालीवरही मर्यादा घालावी. हे मागणे फार मोठे नाही. पण सरकारची वाट पाहत बसू नका. या कामाला कायदा लागत नाही, जीभ लागते.

दिवाळीची साफसफाई करताना कपाटाच्या वरच्या कप्प्यातली, नाडीने बांधलेली ती घराची फाइल तुमच्या हाताशी आली असेल. झटकून पुन्हा वर ठेवली असेल. या खेपेस ती खाली काढा. भाऊबीजेला सगळी मंडळी जमतील, तेव्हा फराळाची ताटे उचलली की ती मध्ये ठेवा आणि मुलांना, सुनांना, लेकींना एकेक कागद वाचून दाखवा : हा करारनामा, हे शेअर सर्टिफिकेट, हे इथे नाव कोणाचे, हे इथे कोणाचे नाही. आपल्या घराचे कागद घरातल्या सगळ्यांना वाचता आले, तर आपल्या घराविषयी आपल्याला सांगायला बाहेरचा माणूस कशाला हवा?